गाणं कुणाकडून आलं?
जुन्नर-आंबेगावच्या लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या, मीना नदीकाठच्या या गावाला 'तमाशापंढरी' म्हणतात ते या हंगामामुळे. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, राहुटीत बसतात, तारखा जुळवतात, रकमेवर घासाघीस करतात आणि सुपारी देऊन उठतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांमध्ये कुठल्या गावात कुठला फड उभा राहणार, हे इथे ठरतं. मग त्या गावी रात्री गण-गवळण, बतावणी आणि वग, सकाळी हजेरीचा कार्यक्रम, दुपारी कुस्त्यांचा आखाडा असा यात्रेचा क्रम लागतो.

लोकसंगीताचा अभ्यास करू पाहणाऱ्याने पहिली पायरी इथे चढावी, असं मला वाटतं. लोकसंगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहाट, जातं, डोंगर आणि कुणीच न रचलेलं एखादं गाणं येतं. राहुटीत बसलं की वेगळंच कळतं. या संगीताला फडमालक आहे, कलावंतांनी घेतलेली उचल आहे, गाडीचं भाडं आहे, जनरेटरचं डिझेल आहे. ढोलकीवाला कुणाच्या हाताखाली तयार झाला, गवळण म्हणणारीने ती चाल कुणाकडून घेतली, वग मुळात कोणत्या फडाचा, हे फडातल्या माणसांना ठाऊक असतं. ते आपल्या वह्यांत नसतं, कारण आपण विचारलेलं नसतं.

ज्या क्षेत्राची ही ओळख आहे, त्यात चार कामं येतात : लोकसंगीत शोधणं, ऐकणं, मुद्रित करणं आणि जपणं. या चारही कामांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक गाणं कुणाकडून तरी आलेलं असतं, आणि ते कुणाकडून आलं हे नोंदवणं गाणं नोंदवण्याइतकंच मोलाचं आहे. पुढची पानं हीच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी सांगतात.

२

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या कामाला फार अनुकूल आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालं, की दोन-तीन तासांच्या प्रवासात कानावर पडणारं जगच बदलत जातं.

पूर्वेला नारायणगाव, मंचर हा बागायती पट्टा. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी इथली शेती पालटली. ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले. गावच्या यात्रेत पैसा आला आणि तमाशाच्या सुपारीचा आकडाही त्याच हिशेबाने ठरू लागला. याच पट्ट्यात बैलगाडा शर्यतींचे घाट आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४ साली शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३ मध्ये ती कायम झाली. घाटावरच्या निवेदकाची एका दमातली आरोळी, गाडामालकांची नावं गुंफत जाणारी त्याची लय आणि मागे कडकडणारी हलगी हा खरं तर मौखिक परंपरेच्या अभ्यासकाचा विषय. पण शर्यतींबद्दल जे लिहिलं गेलं, ते बैलांबद्दल आणि कायद्याबद्दल. त्या आवाजाकडे कुणी अभ्यासाच्या नजरेने पाहिलेलं सहसा दिसत नाही.

घोडेगाव ओलांडून आहुप्याच्या दिशेने किंवा जुन्नरहून नाणेघाटाकडे निघालं, की भाताची खाचरं, नाचणी आणि हिरडा यांचा मुलूख लागतो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या-वस्त्या इथे आहेत. इथलं गाणं सुपारीवर चालत नाही. ते लग्नात, सणाला, शेताच्या कामात आणि नाचात असतं; गाणारे आणि ऐकणारे असे दोन गट पाडताच येत नाहीत. त्यामुळे 'कार्यक्रम कधी आहे?' असं विचारत इथे गेलेला अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. इथे काम करायचं तर पंचांग आणि शेतीचं वेळापत्रक, दोन्ही कळायला हवं.

या दोन टोकांच्या मध्ये डिंभे धरणाचा जलाशय आहे. घोड नदीवरच्या या धरणात मूळ आंबेगाव गेलं; तालुक्याला मात्र त्याचंच नाव राहिलं. गाव उठतं तेव्हा घरं आणि जमिनी मोजल्या जातात. देवळापुढची जागा, यात्रेचा दिवस, शेजारणींचा एकत्र बसण्याचा वेळ यांची मोजदाद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही, आणि गाणी तर याच जागांवर आणि वेळांवर टिकून असतात. धरणग्रस्तांच्या गाण्याचा अभ्यास म्हणून महत्त्वाचा. कोणतं गाणं माणसांबरोबर नव्या वस्तीत गेलं आणि कोणतं पाण्याखाली राहिलं, हे सांगू शकणारी माणसं आज उतारवयाला लागली आहेत.

३

महाराष्ट्रात लोकगीतं गोळा करण्याचं काम नवं नाही. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हा इंग्रज सनदी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलं. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे, तारा भवाळकर यांनी या सामग्रीला अभ्यासाची बैठक दिली. हे ऋण मोठं आहे. पण यातलं बहुतेक काम शब्दांचं होतं. ओवी छापली गेली आणि तिचा गळा मात्र म्हणणारीपाशीच राहिला. पोवाडा छापला गेला. झीलकऱ्याने कुठे सूर उचलला, डफ कुठे थांबला, ते कागदावर उतरलं नाही.

शब्दांकडून आवाजाकडे वळायला अशोक दा. रानडे यांच्या 'लोकसंगीतशास्त्र' या १९७५ च्या ग्रंथाने मराठीत वाट करून दिली. लोकगीताकडे संगीत म्हणून पाहावं, त्याचा ताल, आवाजाचा लगाव, वाद्य आणि प्रसंग यांचा एकत्र विचार करावा, हा त्यांचा आग्रह होता. १९८२ साली नझीर जैराजभॉय यांच्या पुढाकाराने वांशिक-संगीतशास्त्राचं एक संग्रहालय आणि संशोधन केंद्र पुण्यात सुरू झालं; पुढे ते दिल्लीकडे हललं. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली मुद्रणं भारतातही राहावीत, इथल्या लोकांना ऐकता यावीत, हा त्या केंद्रामागचा एक मुख्य हेतू होता.

या क्षेत्रात शिरणाऱ्याने दोन उदाहरणं अगदी जवळून पाहावीत. पहिलं जात्यावरच्या ओव्यांचं. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून हे काम आरंभलं. काम वाढत वाढत हजाराहून अधिक गावांत गेलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यांना मिळाले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. ते १२० तासांच्या वर गेलं. लाखभर ओव्यांसमोर १२० तास, हे प्रमाण लक्षात घेतलं की लिहिण्याच्या आणि मुद्रणाच्या कामातलं अंतर कळतं. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताचा जनसंग्रह, हा ठेवा ओवी-ओवीने वाचकांसमोर आणतो आहे.

या संग्रहाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी बाजू म्हणजे त्याची नोंद. ओवी म्हणणारीचं नाव, गाव, तालुका, वय, जात, व्यवसाय, मुलंबाळं आणि मुद्रणाची तारीख हे सगळं ओवीसोबत टिपलेलं आहे. त्या नोंदी होत्या, म्हणूनच वीस-वीस वर्षांनी 'पारी'ची माणसं त्या बायकांच्या दारात जाऊ शकली, त्यांना त्यांचा जुना आवाज ऐकवू शकली, पुन्हा गाऊन घेऊ शकली. नाव लिहिलं नसतं तर तो आवाज ऐकायला मिळाला असता; ती बाई मात्र सापडली नसती.

दुसरं उदाहरण जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांचं. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचा माग काढत ते धनगरांच्या वाड्यांवर हिंडले आणि धनगरी ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या. धनगरी ओवीत गायलेला भाग आणि बोलून उलगडलेला भाग आलटून-पालटून येतो; नुसती गीतं टिपणाऱ्याच्या हाती तिचं अर्धंच अंग लागतं. सोंथायमर १९९२ साली वारले. त्यांच्या मुद्रणांतल्या दोन दीर्घ कथनांचा इंग्रजी ग्रंथ अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने २०१४ साली पूर्ण केला. मुद्रण करणारा गेल्यावर बावीस वर्षांनी दुसऱ्याच कुणी ते समजून घेतलं. अभ्यासक आपल्या मुद्रणाचा शेवटचा श्रोता नसतो, हे ध्यानात ठेवून काम केलं तर नोंदी आपोआप सविस्तर होतात.

४

अ‍ॅकवर्थ, पॉइतवाँ, बेल, सोंथायमर ही सगळी परक्या मुलखातली माणसं. त्यामुळे इथे एक प्रश्न हमखास येतो : बाहेरच्यांना आपलं गाणं काय कळणार? याचं उत्तर देण्यापूर्वी हाच प्रश्न उलटून दुसऱ्या मुलखात नेऊन पाहू.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात फिडल आणि बँजो यांवर वाजणारं जुनं नाचाचं संगीत आहे. तिथे त्याला 'ओल्ड-टाइम' म्हणतात. त्यात एकेकट्याने पुढे येऊन करामत दाखवायची नसते. सगळ्यांनी मिळून एकच चाल पुन्हा पुन्हा घोळवायची, नाचणारे दमेपर्यंत. फिडल युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी आणलं. बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. म्हणजे ज्याला तिथले लोक अस्सल डोंगरी म्हणतात, ते दोन खंडांच्या मिळणीतून झालेलं संगीत आहे.

१९२३ साली अटलांटात फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड निघाली आणि ती खपली, तेव्हा कंपन्यांना या संगीताचा बाजार दिसला. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पिअर हा माणूस मुद्रणयंत्रं घेऊन टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी आला आणि जेमतेम दोन आठवड्यांत १९ गटांची ७६ गाणी घेऊन गेला. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. रात्रभर चालणारी चाल तीन मिनिटांत बसवावी लागली. पुढे मंदी आली, रेकॉर्ड अडगळीत गेल्या. १९५२ साली हॅरी स्मिथने अशा जुन्या तबकड्यांतली ८४ गाणी निवडून संग्रह काढला आणि शहरातली तरुण मुलं ती ऐकून त्या गायकांच्या शोधात डोंगरात निघाली. त्यातल्या कित्येकांनी उत्तर कॅरोलायनातल्या टॉमी जॅरलच्या घराची वाट धरली. रस्तेखात्यात यंत्र चालवून निवृत्त झालेला हा फिडलवाला आल्या-गेल्याला स्वयंपाकघरात बसवून वाजवून दाखवत असे. १९८२ साली त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला.

या मुद्रणांच्या जोरावर ते संगीत समुद्र ओलांडून गेलं. आज स्वीडनमध्ये हे ओल्ड-टाइम संगीत जीव ओतून वाजवणारे गट आहेत, आणि त्यांना शोधून त्यांचं मुद्रण करणारे अमेरिकीही आहेत. स्वीडनला स्वतःचं लोकसंगीत नाही म्हणून हे घडलं, असं नव्हे. तिथे १९०८ पासून लोकचाली पद्धतशीर जमवल्या गेल्या आणि त्यांचे खंडच्या खंड छापले गेले. तरीही तिथल्या वादकांना दूरच्या डोंगरातली चाल भावली. हे संगीत त्यांचं आहे का, यावर वाद घालता येईल. पण ओल्ड-टाइम वादकांचा एक शिरस्ता पाहण्यासारखा आहे : चाल सुरू करण्याआधी ती कोणत्या गावच्या कोणत्या फिडलवाल्याकडून आली, हे ते आवर्जून सांगतात. 'ही जॅरलची चाल' असं म्हणूनच वाजवतात. चाल कुणाच्या मालकीची, यावर वाद संपत नाही. ती कुणाकडून आली हे सांगितलं, की निदान हिशेब तरी चोख राहतो.

बाहेरून आलेलं आत मिसळणं आपल्याकडेही आहे. तमाशाच्या फडात पेटी आली, क्लॅरिओनेट आलं, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. मिरवणुकीत आणि लग्नात दणाणणारा आपला 'बेंजो' हा जपानच्या नागोया शहरात १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे जन्माने ब्राह्मण. तमाशात आले ते त्या काळच्या गावगाड्याच्या दृष्टीने बाहेरचेच. संगमनेर भागातल्या पवळेबरोबर त्यांनी फड गाजवला. बापूरावांचं नाव लावणीच्या इतिहासात ठळक झालं. पवळेचं त्यांच्या नावामागून येत राहिलं. बाहेरच्याने आत येण्यात काही गैर नाही. आतल्या माणसाचं नाव पुसट होतं, तिथे अन्याय होतो.

५

म्हणूनच तमाशाच्या मुद्रणाची चर्चा जातीला वगळून करता येत नाही. नारायणगावची कीर्ती भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने वाढवली. त्याच घराण्यातल्या विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदकं मिळाली. त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पदक, हलाखी आणि मरणोत्तर पुरस्कार हा क्रम तमाशा-कलावंतांच्या बाबतीत इतका ओळखीचा झाला आहे, की त्याचं नवलही वाटेनासं झालं आहे.

टेव्हिया एब्रम्स या अभ्यासकाने १९७४ साली तमाशावर अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, तो लोकरंगभूमी म्हणून. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात वेगळा प्रश्न धरला : ज्या दलित स्त्रियांच्या अंगावर हा खेळ उभा राहिला, त्यांना समाजाने एकीकडे गर्दी करून पाहिलं आणि दुसरीकडे अश्लील म्हणून हिणवलं, हे कसं घडलं? या क्षेत्रात येणाऱ्याने हे दोन्ही अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यातून रचना कळते, दुसऱ्यातून तिची किंमत कुणी मोजली ते कळतं.

परवानगीचा मुद्दा इथूनच निघतो. गावच्या यात्रेत मोबाइल उंचावून चित्रण करणारे शेकडो असतात, म्हणून अभ्यासकाला परवानगी लागत नाही असं होत नाही. फडमालकाला विचारणं पुरेसं नाही. गाणारीलाही विचारायला हवं, आणि मुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार, तिला काय मिळणार, हे तिच्या भाषेत सांगायला हवं. कायदाही तिच्या बाजूने आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आणि तो पन्नास वर्षं टिकतो. कायद्यातल्या 'कलावंत' या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. पण ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांच्यापर्यंत हा हक्क फारसा पोचलेला नाही. तो पोचवणं हेही अभ्यासकाचंच काम समजावं. मानधन द्यावं आणि त्याची नोंद ठेवावी. ज्या बाईने ओवी दिली, तिचा कामाचा दिवस बुडालेला असतो.

६

आता थोडं प्रत्यक्ष मुद्रणाविषयी. जुन्नर तालुक्यातच, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओलहरींचा गोंगाट कमी म्हणून हा भाग तिच्यासाठी निवडला गेला. तिथले शास्त्रज्ञ आकाशातली क्षीण लहर टिपण्यासाठी जमिनीवरचा गोंगाट गाळतात. लोकसंगीताच्या अभ्यासकाला मात्र गोंगाटातलं काय ठेवायचं, हे ठरवावं लागतं. शिट्ट्या, फर्माइशी, दौलतजादा देणाऱ्याच्या नावाचा पुकारा, मध्येच रडणारं मूल हे सगळं त्या सादरीकरणाचाच भाग आहे. जनरेटरची घरघर मात्र नाही. तिच्यापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून उभं राहावं.

फडात ढोलकी आणि हलगी यांच्यापासूनच सुरुवात होते, आणि नवशिक्याची फजितीही तिथेच होते. हलगी शेकोटीवर तापवून चढवलेली असते. तिचा कडाका इतका तीव्र असतो, की गाण्याच्या आवाजावर रेकॉर्डरची पातळी लावली तर पहिल्याच थापेला आवाज फाटतो. पातळी सलामीच्या वेळी ठरवावी आणि ती थोडी खालीच ठेवावी. ढोलकीची दोन तोंडं दोन स्वभावांची : शाईकडची टणक बोलते, दुसरी घुमते. मायक्रोफोन एका बाजूला झुकला की एकच तोंड ऐकू येतं. तुणतुण्याची तार आणि झीलकऱ्यांचा उंच सूर हे गाण्याला धरून ठेवणारे धागे आहेत. मुख्य गायिकेच्या तोंडासमोरच मायक्रोफोन धरला तर तेच आधी हरवतात.

जात्यावरची ओवी घरात, एक-दोन बायकांपुढे मुद्रित होते, तेव्हा अडचण वेगळी असते. आज बहुतेक घरांत जातं फिरत नाही, आणि हात फिरत नसेल तर गळाही वेगळा लागतो. काही जणींना जातं समोर असलं की ओव्या आठवतात, नसलं की आठवत नाहीत. शक्य असेल तिथे जातं मांडून, मूठभर धान्य घालून मुद्रण करावं. तसं केलं असेल तर ते नोंदीत स्पष्ट लिहावं, म्हणजे पुढच्या श्रोत्याला हा रोजचा प्रसंग वाटणार नाही. एकच ओवी दोघी जणी दोन चालींवर म्हणतात. अशा वेळी 'खरी' चाल कोणती, हे ठरवायच्या फंदात पडू नये, दोन्ही घ्याव्यात.

यंत्राची बाजू आता सोपी झाली आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल हे किमान पथ्य पाळावं. एमपी३ ऐकवायला ठीक आहे, जपायला नाही. मुद्रण सुरू होताच तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव आणि हजर माणसं यांचा उच्चार करावा. फाइलचं नाव बदललं, वही हरवली, तरी आवाजातली ओळख आवाजासोबत राहते. तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवावी. आणि प्रत्येक नोंदीत एक रकाना असा ठेवावा, जो फॉर्मवर बहुधा नसतो : 'हे कुणाकडून शिकलात?' या एका प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांतून माहेर-सासर, फडांची फाटाफूट, स्थलांतर, धरण, बाजाराचा रस्ता असा सगळा मुलूख उभा राहतो. गाण्याचा नकाशा काढायचा तर त्या रकान्यातूनच काढता येतो.

७

या दोन तालुक्यांत करण्याजोगं काम पुष्कळ आहे. नारायणगावच्या राहुट्यांत बसून फडांच्या वंशावळी लिहून घ्यायच्या आहेत. हजेरीच्या कार्यक्रमाचं मुद्रण रात्रीच्या वगाइतक्याच आस्थेने व्हायला हवं. घाटावरच्या निवेदकांची बोलण्याची शैली अभ्यासायची आहे. डिंभ्याच्या विस्थापित वस्त्यांत, आहुप्याच्या आणि नाणेघाटाच्या बाजूच्या वाड्यांत लग्नाची आणि शेताची गाणी त्यांच्या त्यांच्या वेळी ऐकायची आहेत. १९८० नंतर यात्रांच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या वगांच्या आणि लोकगीतांच्या कॅसेटी अजून घराघरांत पडून आहेत. त्यांची चुंबकीय पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते, म्हणून त्या आधी वाचवायला हव्यात.

यासाठी संगीताची पदवी लागत नाही. ऐकण्याची सवय, विचारण्याची रीत आणि लिहिण्याची शिस्त लागते. जुन्नर-आंबेगावातल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुला-मुलींपाशी या तिन्हींखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरून येणाऱ्याला वर्षानुवर्षं मिळवावी लागते : त्यांना त्या घरांत 'कुणाची गं तू?' असं विचारणारं माणूस भेटतं, आणि उत्तर दिलं की चहा येतो. बाहेरच्यांनी जे केलं ते आदराने वाचा, पण पुढचं काम तुमच्याकडून व्हायला हवं.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आजी, आत्या, चुलती, शेजारची म्हातारी यांच्यापैकी जिला गाणं येतं, तिला विचारा, परवानगी घ्या, मुद्रण करा. तिचं नाव, गाव, तारीख लिहा आणि ती कुणाकडून शिकली तेही लिहा. मग त्या मुद्रणाची एक प्रत सर्वांत आधी तिच्या हाती द्या.